माहूलच्या रस्त्यावर एक पद्मिनी

चेंबूरची वस्ती मागे पडून आर. सी. मार्ग वाशी नाक्याकडे वळला की हवेचा वास बदलतो. प्रथम खत कारखान्याचा उग्र दर्प येतो आणि पुढे माहूलच्या दिशेला कच्च्या तेलाचा जडसर वास लागतो. दोन्ही बाजूंना उंच भिंती, त्यांवर काटेरी तारा आणि आत चांदीच्या रंगाच्या गोल टाक्या. रस्त्याच्या कडेला टँकरांची रांग सुरू होते आणि ती कुठे संपते हे गाडीच्या काचेतून सहसा दिसत नाही.

याच रस्त्याने एका रविवारी सकाळी घाटकोपरची एक जुनी प्रीमियर पद्मिनी माहूलकडे निघाली होती. गाडी १९८९ सालची. चाकावर नातू होता आणि शेजारच्या आसनावर अण्णा. अण्णांची हार्डवेअरची पेढी आता मुलाच्या हाती आहे. गाडी मात्र अजून त्यांच्याच नावावर आहे आणि तिच्यासंबंधीचा प्रत्येक खर्च ते स्वतःच्या वहीत मांडतात. मागच्या आसनावर एका खोक्यात नवा स्टिरिओ, दोन लंबगोल स्पीकर आणि एक कापडी पिशवी होती. पिशवीत जुना रेडिओ होता. तो गेली बारा वर्षे मुका होता.

सोलापूरच्या बाजूच्या जैन घरांत पद्मिनीविषयी जो जिव्हाळा आढळतो, त्याला कारण आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरातील एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. १९१९ साली सिंदिया नौकानयन कंपनी उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. १९४० साली बंगळुरूचा विमान कारखाना आणि पाठोपाठ विशाखापट्टणमची गोदीही त्यांच्याच प्रयत्नांतून उभी राहिली. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकी डॉज व प्लायमाउथ गाड्या जुळवल्या जात. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. फियाट ११०० याच घराण्यातली आणि सत्तरच्या दशकात तिलाच पद्मिनी हे नाव मिळाले. नोंदणी केल्यावर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. गाडीची किल्ली हाती आली त्या दिवशी पेढीवर पेढे वाटले गेल्याची आठवण अनेक घरांत आजही निघते. वालचंदशेठ १९५३ साली निवर्तले. कुर्ल्याचे उत्पादन नव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबले. काळ्या-पिवळ्या रंगाच्या पद्मिनी टॅक्सीचा मुंबईतील शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर २०२३ हा होता. खासगी गाडीला टॅक्सीप्रमाणे वीस वर्षांची मर्यादा नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवून घेता येते. अण्णांनी ती वेळोवेळी वाढवून घेतली होती.

पद्मिनीसाठी माहूल गाठण्याचे कारण गाडीच्या वयाइतकेच साधे होते. या गाडीचे वायरिंग हाताला माहीत असलेला वायरमन आता तिथे राहतो. पूर्वी त्याची टपरी विद्याविहारला, तानसा जलवाहिनीच्या कडेला, म्हणजे प्रीमियरच्या कारखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका कामगाराच्या हाताखाली तो लहानपणी काम शिकला. २०१७ साली जलवाहिनीलगतच्या वस्त्या हटवल्या गेल्या आणि त्या कुटुंबांना माहूलच्या प्रकल्पग्रस्त वसाहतीत घरे मिळाली. तेथे बहात्तर इमारती आहेत, सतरा हजारांहून अधिक सदनिका आहेत आणि भिंतीपलीकडे तेलशुद्धीकरण कारखाने आहेत.

माहूल हे मूळचे कोळी आणि आगरी समाजाचे गाव. खाडी, तिवरे आणि मिठागरे हे त्याचे जुने रूप. १९५४ साली ट्रॉम्बेला एस्सोच्या आणि १९५५ मध्ये बर्मा-शेलच्या कारखान्याने काम सुरू केले. पुढे त्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन ते अनुक्रमे हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम झाले. मुंबईच्या गाड्यांना पेट्रोल पुरवणारा हा पट्टा. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये नोंदवले होते, की माहूल आणि अंबापाडा येथील रहिवाशांच्या आरोग्याला हवेच्या प्रदूषणामुळे निकटचा धोका आहे. तरीही त्यानंतर तेथे हजारो कुटुंबे आणून बसवली गेली. ऑगस्ट २०१८ मध्ये भारत पेट्रोलियमच्या कारखान्यात स्फोट झाला तेव्हा वसाहतीतील घरे हादरली. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नव्या कुटुंबांना माहूलला पाठवण्यास मनाई केली. जे तेथे राहू इच्छित नाहीत त्यांना दरमहा १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये अनामत द्यावी, असा आदेशही दिला.

वायरमनची टपरी टँकरांच्या रांगेपासून थोडी आत, एका भिंतीच्या आडोशाला होती. “या अण्णा, बसा,” म्हणून त्याने प्लास्टिकची खुर्ची पुसून दिली. नातवाने खोके उघडून स्टिरिओ दाखवला आणि आपला बेत सांगितला. डॅशबोर्ड मधोमध कापून स्टिरिओ आत बसवायचा, म्हणजे तो नव्या गाडीसारखा दिसेल.

अण्णा काही बोलले नाहीत. वायरमनने पत्र्यावरून बोट फिरवले आणि म्हणाला, “दादा, हा पत्रा एकदा कापला की परत मिळत नाही. कुर्ल्याला सी.एस.टी. रोडवर शोधलात तरी चांगला डॅशबोर्ड मिळायचा नाही.” शेवटी पट्टीच्या आधाराने स्टिरिओ डॅशबोर्डच्या खाली टांगायचे ठरले. नातवाचा चेहरा उतरला, पण त्याने वाद घातला नाही.

काम सुरू झाले ते बॅटरीपासून. वायरमनने आधी मीटर लावून बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडले आहे ते पाहिले. काही जुन्या विलायती गाड्यांत धन टोक बॉडीला असे. अशा गाडीत आजचा स्टिरिओ सरळ जोडला तर तो जळतो. येथे ऋण टोकच बॉडीला होते. मग त्याने तेच प्रथम सोडवले. धन टोक आधी सोडायला गेले आणि पान्याचे दुसरे टोक पत्र्याला टेकले, तर ठिणगी उडते. “इथे ठिणगी म्हणजे…” एवढेच बोलून त्याने मानेने टाक्यांकडे निर्देश केला.

नव्या स्टिरिओच्या मागून रंगीत तारांचा झुपका निघतो. बहुतेक कंपन्यांत त्या रंगांचा अर्थ ठरलेला असतो. पिवळी तार बॅटरीतून कायम वीज घेते आणि घड्याळ व स्टेशनांची आठवण राखते. लाल तार चावीबरोबर चालू-बंद होते. काळी तार बॉडीला जाते. स्पीकरच्या तारा पांढऱ्या, करड्या, हिरव्या आणि जांभळ्या जोड्यांत असतात आणि प्रत्येक जोडीतील काळी रेघ असलेली तार ऋण असते. पिवळ्या तारेसाठी वायरमनने बॅटरीपासून नवी जाड तार ओढली आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावरच फ्यूज बसवला. स्टिरिओमागे फ्यूज असताना दुसरा कशाला, असे नातवाने विचारले. “मागचा फ्यूज स्टिरिओ वाचवतो, हा तार वाचवतो,” असे उत्तर मिळाले. मधल्या पट्ट्यात तार कुठे पत्र्याला घासून उघडी पडली, तर अडवायला हाच फ्यूज असतो. इंजिन आणि आसनकक्षामधल्या पत्र्यातून तार नेताना त्याने भोकात रबरी बूच बसवले, त्याचेही कारण तेच.

लाल तारेपाशी काम अडले. आजच्या गाड्यांत चावी अर्धी फिरवली की फक्त संगीत सुरू होते. या गाडीत ती सोय नव्हती. चावी फिरवली की इग्निशनच चालू होते. इंजिन बंद ठेवून अशी चावी तासभर चालू राहिली आणि आतले पॉइंट मिटलेले असले, तर कॉइल तापून जळू शकते. जुन्या गाडीत गाणी ऐकत बसणाऱ्यांचा हा नेहमीचा अपघात. वायरमनने लाल तार चावीला जोडलीच नाही. डॅशबोर्डखाली, सहज हाताला येईल अशा जागी, तिला फ्यूजसह वेगळा खटका दिला.

स्पीकरांच्या बाबतीत जुना रेडिओ बाहेर काढून त्याने एक गोष्ट समजावली. पूर्वी स्पीकरची एक तार सरळ बॉडीला जोडून भागत असे. नव्या स्टिरिओच्या दोन्ही तारांत वीज खेळते. त्यातली एक बॉडीला टेकली तरी आतला भाग निकामी होतो. म्हणून जुन्या स्पीकरची तार वापरायची नाही. त्याने चटईखालून दाराच्या कडेने चार नव्या तारा मागच्या फळीपर्यंत नेल्या. प्रत्येक सांध्याला डाख देऊन वर स्लीव्ह चढवली. नुसती पीळ देऊन टेप गुंडाळलेले जुने सांधे त्याने एकामागून एक कापून काढले, तेव्हा अण्णांनी ते मोजले. अकरा निघाले.

दुपार कलली. खाडीच्या बाजूने ओहोटीचा वारा सुटला. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत शिवडी-माहूलच्या चिखलात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. गुलाबी पंखांचे ते पक्षी पाहायला दुरून माणसे येतात आणि संध्याकाळपर्यंत परत जातात.

चहा आला तेव्हा अण्णांनी विषय काढला. “कोर्टाने भाडं द्यायला सांगितलंय ना? मग इथे का राहतोस? मुलं खोकतात तुझी.”

वायरमनने कप खाली ठेवला. “धाकटी खोकते. मोठा नाही.” मग थोड्या वेळाने तो म्हणाला, “भाडं घेऊन कुठेतरी खोली मिळेल, अण्णा. पण टपरी कुठे टाकू? विद्याविहारची जागा गेली तेव्हा सात महिने घरी बसलो. आता हे टँकरवाले मला ओळखतात. बायको म्हणते चला. मी म्हणतो दिवाळीनंतर बघू.” ही किती दिवाळ्यांनंतरची दिवाळी, ते अण्णांनी विचारले नाही. गिऱ्हाईक मोडले की धंदा पुन्हा उभा करताना काय होते, हे त्यांना सांगण्याची गरज नव्हती.

बॅटरी जोडून इंजिन सुरू केल्यावर आवाज आला खरा, पण गाण्याखाली एक शिट्टी होती. गती वाढवली की तीही चढे. ती अल्टरनेटरची होती. वायरमनने काळी तार डॅशबोर्डच्या रंगवलेल्या स्क्रूवरून सोडवली. मग पत्रा घासून चकचकीत केला आणि तेथे ती नव्याने घट्ट बसवली. शिट्टी गेली. रेडिओवरची बारीक टकटक मात्र उरली. ती स्पार्क प्लगची होती आणि तिच्यासाठी रोधक असलेल्या टोप्या लागणार होत्या. त्या पुढच्या खेपेला बसवायचे ठरले.

शेवटी त्याने स्वतःहून एक सूचना केली. गाडी महिना महिना उभी राहते आणि पिवळ्या तारेतून थोडी थोडी वीज जात राहते, त्यामुळे बॅटरी उतरते. पेट्रोलच्या टँकरला असतो तसा, सगळी वीज एकदम तोडणारा मोठा खटका बसवावा. नातू म्हणाला, “मग स्टेशनं दर वेळी पुन्हा लावावी लागतील.” अण्णा म्हणाले, “लावीन मी. मला कुठे जायचंय?” खटका बसला.

पैसे देताना अण्णांनी नेहमीप्रमाणे बिल मागितले. वायरमनने खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर मजुरी, तार, फ्यूज आणि खटका यांची रक्कम लिहिली. पाठीमागे प्रत्येक तारेचा रंग आणि ती कुठे जाते तेही लिहिले. “हा पुठ्ठा गाडीच्या कप्प्यातच ठेवा. पुढे दुसऱ्या कोणी काम केलं, तर त्याला कळेल.” खाली त्याने मोबाइलचा नंबर लिहिला. टपरीचा पत्ता लिहायला नातवाने सुचवले, तेव्हा त्याने पेन खिशाला लावले आणि नंबर पुरेल, असे सांगितले.

परतीच्या वाटेवर टँकरांची रांग सकाळइतकीच लांब होती. अण्णांनी रेडिओचा आवाज थोडा कमी करून घेतला. प्लगची टकटक अजून ऐकू येत होती. वाशी नाक्याच्या पुढे गेल्यावर त्यांनी नातवाला टोप्यांची किंमत विचारली आणि वहीत त्यासाठी एक ओळ मोकळी ठेवली.