थाळीपालट

मराठीत एक अडचण आहे. रेकॉर्डला आपण तबकडी म्हणतो. मग ती तबकडी ज्याच्यावर बसून फिरते, त्या वाटोळ्या प्रकाराला काय म्हणायचं? मी 'थाळी' म्हणतो. त्यामुळे "थाळी बदलायची आहे, साडेचार हजार लागतील," असं मी जेवताना जाहीर केलं, तेव्हा सौभाग्यवती म्हणाली, "अहो, तेवढ्यात घरातली सगळी ताटं बदलून होतील."

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. दुरुस्ती हा महसुली खर्च आणि सुधारणा हा भांडवली खर्च, हा फरक मी तिला समजावून दिला. ती म्हणाली, "पैसे एकाच पाकिटातून जाणार ना?" तेवीस वर्षं बँकेत काढूनही मला यावर उत्तर सापडलेलं नाही.

टर्नटेबल बाबांचं. त्याची थाळी पातळ पत्र्याची आणि वाकलेली. फिरताना ती एका बाजूनं उचलायची, वरचा आर्म होडीसारखा डुलायचा आणि हिराबाई बडोदेकरांचा समईच्या ज्योतीसारखा स्थिर षड्ज आमच्या घरी दर फेऱ्याला उचकी लागल्यासारखा हलायचा. बाबा पाहुण्यांना सांगत, "बाई हलत नाहीत हं, आमची थाळी हलते."

ती कशी वाकली, हे मला पक्कं ठाऊक होतं. १९८७ साली मी सात वर्षांचा होतो आणि मखरात फिरता गणपती करायचं माझ्या डोक्यानं घेतलं. मूर्ती यायची होती, म्हणून रंगीत तालमीसाठी टर्नटेबलवर पाट ठेवला आणि पाटावर चार वर्षांच्या बहिणीला मांडी घालून बसवलं. मोटरला गणपती झेपेना. मग हातानं ढकलला. अडीच फेरे झाले आणि 'कट्' असा आवाज आला. बहिणीला लिमलेटच्या एका गोळीची लाच दिली आणि ते गुपित आजवर पोटात ठेवलं.

बाबा आता ७६ वर्षांचे आहेत. डाव्या कानाला यंत्र आहे. म्हटलं, उजवा शाबूत आहे तोवर षड्ज सरळ ऐकवावा.

भोसरीच्या एका लेथवाल्यानं जुनी थाळी फिरवून डायल गेज लावला आणि डॉक्टरी चेहऱ्यानं म्हणाला, "दीड मिलिमीटर. काय बसलं होतं हिच्यावर?" मी विषय बदलला. त्यानं ॲक्रिलिकची नवी थाळी कातून दिली. पट्टा आतल्या छोट्या थाळीवरून फिरतो, त्यामुळे वेगाला धक्का नव्हता. पण नवी थाळी चार मिलिमीटर जास्त जाड. रेकॉर्ड वर आली आणि आर्मचं शेपूट खाली गेलं. वॉशर घालून आर्मही तेवढाच उचलला. बँकेतही असंच असतं. एकाला बढती दिली की शेजारच्याची खुर्ची उंच करावी लागते.

तरी वेग तपासायचाच होता. त्यासाठी रेघांची कागदी चकती असते. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. मिनिटाला ३३⅓ फेरे बरोबर पडले, की चकतीवरच्या १८० रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. पण हल्लीचे बरेच एलईडी दिवे असे लुकलुकतच नाहीत. जुन्या चोकची ट्यूब घरात एकच, न्हाणीघरात. तेव्हा टर्नटेबल तिथं स्टुलावर विराजमान झालं. सौभाग्यवती दारातून म्हणाली, "आंघोळ कोणाची आहे?" पण रेघा उभ्या राहिल्या!

संध्याकाळी बाबांनी डोळे मिटून अख्खी बाजू ऐकली. "सरळ आहे," म्हणाले.

मी धीर केला. "बाबा, ती जुनी थाळी..."

"ठाऊक आहे. मी दारातच उभा होतो."

"मग रागावला का नाहीत?"

"तुझी आई माझ्या मागे होती. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तुला रागवायचं, तर आधी तिला गप्प करावं लागलं असतं." थोडं थांबून म्हणाले, "मग दर फेऱ्याला ते हसणं आठवायचं. दुरुस्तीचं राहूनच गेलं."

आई जाऊन नऊ वर्षं झाली. मी विचारलं, "जुनी परत बसवू?"

"छे रे! षड्ज षड्जासारखाच हवा. जुनी माझ्या कपाटात ठेव."

रात्री बहिणीला फोन करून सांगितलं, की आपलं गुपित फुटलं. ती म्हणाली, "कधीचंच! बाबांना ठाऊक आहे हे दादाला सांगू नकोस, म्हणून त्यांनी मला तेव्हाच दोन गोळ्या दिल्या होत्या."