मशीन चालू आहे, पण लाइट गेली तर?

पावसाळा तोंडावर आलाय. महिनाभरात आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर राजाराम बंधाऱ्याची पातळी फिरायला लागेल. 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्याच्या आधी एका विषयावर लिहायचं होतं. पोस्ट जरा मोठी झालीय, पण ज्यांच्या घरात कुणी रात्री मशीन लावून झोपतं त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आमचे आबा 74 वर्षांचे. आयुष्यात विडी ओढली नाही, पण तरुणपणाची कितीतरी वर्षं गुऱ्हाळात चुलवाणापुढं जळण घालण्यात गेली. तो धूर फुप्फुसात बसला. त्यात झोपेत घोरता घोरता श्वास थांबायचा, त्याला डॉक्टर स्लीप अॅप्निया म्हणतात. त्यामुळे रात्री त्यांना दोन मशीन लागतात. एक मास्कचं (कुणाकडे सीपॅप असतं, आबांचं बायपॅप आहे) आणि दुसरं ऑक्सिजनचं, म्हणजे कॉन्सन्ट्रेटर.

घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "ऑक्सिजन आहे की, मग ते मास्कचं कशाला?" प्रश्न बरोबर आहे. मास्कचं मशीन ऑक्सिजन तयार करत नाही. ते खोलीतलीच हवा दाबानं आत सोडतं आणि झोपेत मिटणारा घसा उघडा ठेवतं. घसाच मिटला तर नाकाशी कितीही ऑक्सिजन सोडा, आत जाणार कसा? आबांचं फुप्फुस धुरानं गेलंय, त्यामुळे वाट मोकळी झाली तरी ऑक्सिजन कमी पडतो. म्हणून कॉन्सन्ट्रेटरची नळी एका छोट्या कनेक्टरनं मास्कच्या नळीला जोडायची. मास्कमधून हवेचा मोठा झोत चालू असतो, त्यात हा ऑक्सिजन पातळ होतो. म्हणून दिवसाचा आकडा रात्री चालेलच असं नाही. रात्रीचा आकडा डॉक्टर झोपेतली तपासणी बघून ठरवतात.

आता महत्त्वाचं. कोविडनं आपल्या सगळ्यांच्या डोक्यात 94 हा आकडा बसवलाय. ऑक्सिमीटरवर 90 दिसलं की घरातला कुणीतरी उठतो आणि मशीनची गोळी वर सरकवतो. ज्यांची फुप्फुसं जुन्या आजारानं खराब आहेत, अशा बऱ्याच रुग्णांना डॉक्टर मुद्दाम 88 ते 92 मध्येच ठेवतात. ऑक्सिजन जास्त झाला तर काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. माणूस गुंगीत जातो आणि ऑक्सिमीटर मात्र छान 97 दाखवत असतो, कारण कार्बन डायऑक्साइड त्याला दिसतच नाही. घरच्यांना वाटतं, आज गाढ झोप लागली. 2021 मध्ये घेतलेली मशीन अजून कितीतरी घरांत पडून आहेत, ती प्रेमानं एकमेकांना दिली जातात. द्या, पण डॉक्टरांच्या आकड्याशिवाय लावू नका. आणि वर्षानुवर्षं बंद पडलेलं मशीन नुसतं घरघरतं म्हणून त्यातून पुरेसा ऑक्सिजन येतोच असं नाही. एकदा तपासून घ्या.

आणखी एक, कारण हे दुकानदार घाईत सांगत नाहीत. सुरू करताना आधी मास्कचं मशीन, मग ऑक्सिजन. बंद करताना आधी ऑक्सिजन, मग मास्कचं. उलटं केलं तर बंद मशीनच्या आत ऑक्सिजन साठतो आणि आगीचा धोका होतो. आमच्याकडे देवघर आबांच्या पलंगाशेजारीच होतं, ते आईनं स्वतः पलीकडच्या खोलीत हलवलं. निरंजन, उदबत्ती, गॅस यापासून ही नळी लांबच पाहिजे. नाक कोरडं पडतं म्हणून खोबरेल किंवा व्हॅसलीनही नको, पाण्याचा अंश असलेलं जेल मिळतं ते लावा.

हे सगळं शिकता येतं. आपल्या हातात नाही ती लाइट.

पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण 350 वॅट ओढतो. रात्रीचे आठ-नऊ तास धरले तर तीन युनिट. ज्यांना चोवीस तास लागतो त्यांचं महिन्याला 250 युनिट नुसतं श्वासाचं बिल. फ्रिज-पंखा धरून 300 चा टप्पा ओलांडतो आणि पुढच्या युनिटचा दर चढतो. घरचा 150 एएचचा इन्व्हर्टर हे मशीन जेमतेम तीन तास ओढतो. मास्कचं मशीन मात्र थोडक्या विजेवर चालतं, त्यातला पाणी तापवणारा भाग बंद ठेवला तर तोच इन्व्हर्टर रात्र काढतो. म्हणून आम्ही इन्व्हर्टरवर फक्त मास्कचं मशीन ठेवलंय आणि ऑक्सिजनसाठी छोटा सिलिंडर. त्यात 1500 लिटर असतो, मिनिटाला दोन लिटरनं साडेबारा तास. गेल्या महिन्यात वळवानं रात्री चार तास लाइट गेली तेव्हा याच जोडणीवर आबा झोपले होते. मी जागा होतो, ते सोडा.

पण चार तास वेगळे आणि चार दिवस वेगळे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैत पंचगंगा 55 फुटांच्या पुढं गेली. पाणी शिरलेल्या भागाची वीज बंद करावीच लागते, त्याबद्दल तक्रार नाही. शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला की शहरात पेट्रोल मिळेना, दुधाला रांग, मग सिलिंडर भरून कुठून आणणार? बोट गल्लीत आली तरी कुठल्या माळ्यावर ऑक्सिजनवरचा माणूस आहे हे बोटीतल्या जवानाला कोण सांगणार?

ऑस्ट्रेलियात घरात असं मशीन असेल तर वीज कंपनीकडे नोंद होते आणि नोंद असलेल्या घराची वीज दुरुस्तीसाठीसुद्धा आधी लेखी कळवल्याशिवाय बंद करता येत नाही. इंग्लंडमध्येही अशा ग्राहकांचं वेगळं रजिस्टर असतं. झाड पडून गेलेली लाइट अशा नोंदीनं परत येत नाही, हे मान्य. पण कुणाला आधी हलवायचं हे तरी कळतं. आपल्याकडे आशाताई घरोघरी जातातच. वॉर्डनिहाय यादी करायला महापालिकेला आणि महावितरणला फार मोठा खर्च नाही. घर, मशीन, ग्राहक क्रमांक, एक फोन नंबर, बास. यादी गुप्त राहिली पाहिजे, नाहीतर उद्या मशीन विकणारेच दारात उभे राहतील.

आणि तालमींना एक सांगणं. विसर्जन मिरवणुकीला जनरेटर आणायला आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. उंचावरच्या एखाद्या तालमीनं जुलै-ऑगस्टमध्ये एक खोली, चार पलंग आणि एक जनरेटर तयार ठेवला तर त्या पेठेतल्या लोकांना रात्री हॉस्पिटलात कॉट शोधत फिरावं लागणार नाही. आमच्या गल्लीतल्या पोरांशी बोललोय, ती तयार आहेत. डिझेलचं बघावं लागेल.

यादीसाठीचा अर्ज मी लिहिलाय. येत्या सोमवारी सकाळी अकराला महापालिकेच्या मुख्य इमारतीत देणार आहे, एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात. ज्यांच्या घरी असं मशीन आहे त्यांनी सोबत या. येताना लाइट बिलाची झेरॉक्स आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणा. पेशंटला आणू नका, जिने आहेत.