विशेष आभार

माझ्या पहिल्या शॉर्ट फिल्मच्या शेवटी माझं नाव तीनदा येतं. लेखक, दिग्दर्शक, निर्माता. ज्याने साऊंड केला त्याचं नाव ‘विशेष आभार’मध्ये, गाडी देणाऱ्यांच्या आणि जेवण देणाऱ्यांच्या रांगेत होतं. पाटीवर जागा नव्हती, असं मी त्याला सांगितलं. ते खोटं होतं. ते काम मला मोजण्यासारखंच वाटत नव्हतं.

नागराज मंजुळेंची २००९ची ‘पिस्तुल्या’ पाहून मी या वाटेला लागलो. शाळेत जाऊ पाहणाऱ्या पोराच्या त्या गोष्टीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि हिंगोली जिल्ह्यातल्या माझ्यासारख्याला वाटलं, आपल्यालाही जमेल. पण त्यातून मी उचललं ते फक्त दिग्दर्शकपण. ‘ख्वाडा’चंही तेच. भाऊराव कऱ्हाडेंचं नाव मला पाठ होतं. त्याच चित्रपटाच्या लोकेशन साऊंडसाठी महावीर सब्बनवाल यांना ६२वा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला, हे माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावंसंही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या फिल्मला पैसे उभे राहिनात, तेव्हा मी इतरांच्या फिल्मवर काम धरलं. सहायक दिग्दर्शक होईन अशी आशा होती. हातात आला बूम, म्हणजे माइक लावलेली लांब काठी. वसमत तालुक्यातलं शेत, हळदीचा हंगाम. त्या दिवसांत आमच्याकडे शांतता मिळत नाही. एकीकडे कुकरमध्ये हळद शिजत असते, दुसरीकडे वाळलेली हळद पॉलिशच्या ड्रममध्ये खडखडत असते. टेकच्या आधी साऊंड रेकॉर्डिस्ट शेजारच्या शेतात गेला. “मामा, थोडा वेळ ड्रम थांबवता का?” मामांनी थांबवला. मजूर हातातलं काम सोडून उभे राहिले. मला संताप आला. डबिंगला घेता येतं की, मी म्हणालो. त्याने उत्तर दिलं नाही. जादाचा हेडफोन माझ्या कानांवर चढवला.

सीनमधली बाई खरोखरची हळद काढणारी होती. मुलाच्या फीबद्दल तिला एवढंच म्हणायचं होतं, “यंदा नाही जमायचं.” कॅमेरा तिच्या मागे, मॉनिटरवर पाठ आणि डोक्यावरचा पदर. “यंदा” म्हणून ती थांबली. आवंढा गिळल्याचा बारीक आवाज आला. बांगड्या मनगटावर सरकल्या. मग उरलेले शब्द आले, पण घोगरे. हे कुणीच लिहिलेलं नव्हतं. पडद्यावर काहीच हलत नव्हतं आणि माझ्या कानात त्या बाईचं अख्खं वर्ष चाललं होतं. माझे दंड भरून आले होते. बूम वीतभर खाली गेला असता तर फ्रेममध्ये दिसला असता, वर गेला असता तर तो आवंढा हातचा गेला असता. डबिंग स्टुडिओत त्या बाईकडून वाक्य मिळालं असतं. हे मिळालं नसतं.

त्या क्षणी मी बदललो, असं म्हणणार नाही. आधी हेवा वाटला. हे दुसऱ्याच्या फिल्मला मिळालं आणि माझ्या फिल्ममध्ये का नाही? हा प्रश्न मात्र मला झोपू देईना. माझ्या फिल्ममध्येही गावातल्याच बायका होत्या. त्या कुठे थांबल्या, कुठे त्यांचा आवाज चिरकला, हे मी ऐकलं तरी होतं का?

घरी आल्यावर माझ्या फिल्मचं मूळ रेकॉर्डिंग काढून ऐकलं. होतं. पुष्कळ होतं. आम्ही सगळे जेवत असताना माझा साऊंडवाला एकटा मागे राहून रिकाम्या घराचा, अंगणाचा, गुरांचा आवाज घेत होता, तोही त्यात होता. या सगळ्यावर मी संगीत ओतलं होतं, कारण शांतता मला रिकामी वाटायची. बहिरा माणूस परवडला; मी ऐकायचंच नाकारलं होतं.

संगीत काढलं, त्याच्या नावाची वेगळी पाटी केली आणि त्याला फोन केला. खोटं बोललो होतो तेही सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “औंढ्याच्या सीनमधला ट्रॅक्टर अजून तसाच आहे का?”

आहे. ट्रॅक्टर जाईपर्यंत थांबू, असं तो तेव्हा म्हणाला होता आणि मी सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडलो होतो.