कार्बनची फ्रेम

शुक्रवार, 16 मे 2025
माउंटन बाइकची फ्रेम घरी आली. खोका उघडताच बॉटम ब्रॅकेटच्या भोकातून बॅटरी मारून आत पाहिलं. सांधे स्वच्छ, रेझिनचे ओघळ नाहीत, थरांना घड्या नाहीत. कार्बनचं खरं काम आतच असतं. जिथे ताण येणार तिथे तंतू लांबीला धरून, जिथे पीळ पडणार तिथे तिरपे. धातूच्या नळीत ही सोय नाही.

शेजारच्या काकांनी फ्रेम उचलून पाहिली. “हलकी आहे रे! किती भरते?” शॉकसकट तीन किलोच्या आसपास. पहिला प्रश्न सगळ्यांचा हाच. मला मात्र ब्रॅकेट आट्यांचं असल्याचा आनंद जास्त झाला. नुसतं दाबून बसवलेलं ब्रॅकेट आपल्याकडच्या चिखलपाण्यात लवकर करकरू लागतं.

शनिवार, 17 मे
दिवसभर जोडणी. सीटपोस्टला कार्बनची खरखरीत पेस्ट लावली आणि टॉर्क रेंचने बोल्ट 5 न्यूटन-मीटरवर थांबवला. कार्बन ओढ झेलतो, पण चिमटा जास्त आवळला तर चिरडतो. अंदाजपंचे पान्याचं इथे काम नाही.

मग हेल्मेट, पाठीवर पाणी, अशा पूर्ण तयारीत सीटवर बसलो. शॉकवरचं रबरी कडं 50 मिमीपैकी 15 मिमी सरकेपर्यंत हवा कमी-जास्त केली. म्हणजे 30 टक्के सॅग, नुसत्या माझ्या वजनाने शॉकचं दबणं.

रविवार, 18 मे
उजाडायच्या आत सानपाड्याहून निघालो. पामबीच रस्त्याने बेलापूर, तिथून पारसिक हिल. डांबरावर शॉकचा लिव्हर बंद ठेवला, कच्च्या वाटेवर उघडला.

सुट्या दगडांच्या चढावर फरक कळला. आधीच्या हार्डटेलचं, म्हणजे मागे शॉक नसलेल्या सायकलचं, मागचं चाक दगडावर आपटून उडायचं, पकड सुटायची आणि पाय टेकावा लागायचा. आज चाक दगडावर चढलं, उतरलं, जमीन सोडलीच नाही. पॅडल मारताना शॉक फारसा खचतही नव्हता. चेनची ओढ आणि मागच्या सांध्यांची मांडणी एकमेकांना तोलून धरतात, ती ही करामत. मागच्या आखाजवळ चेनस्टेवर सांधा ठेवायची ही रचना होर्स्ट लाइटनर यांच्या नावाने ओळखली जाते. पेटंटची मुदत संपल्यावर ती अनेक कंपन्यांनी उचलली.

उतारावर मागची बाजू उसळत होती. शॉकचा रिबाउंड, म्हणजे दबल्यावर परत उसळण्याचा वेग, दोन क्लिक मंद केला, सायकल शांत झाली. चार पायऱ्यांएवढा खडक बसल्या बसल्या उतरलो! वजनातल्या बचतीने हे सुख मिळत नाही.

सोमवार, 26 मे
मान्सून आजच मुंबईत. एरवी 11 जूनची वाट पाहायची असते.

सायकल घरातच. कार्बन गंजत नाही हे खरं, पण फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमचे भाग आणि स्टीलची बेअरिंगंही असतात. कार्बनमधून वीज वाहते, त्यामुळे खारा ओलावा मध्ये शिरला की त्याला टेकलेलं अ‍ॅल्युमिनियम पांढरी पूड धरू लागतं. आपल्या तर दाराशीच खाडी. पिव्होट खोलले. बेअरिंगची सील अलगद उचलली तर आत ग्रीस जेमतेम. पाण्याला दाद न देणारं ग्रीस ठासून भरलं. इथे फ्रेम घेणाऱ्याने वजनाआधी बेअरिंगं कोणत्या मापाची, बाजारात मिळतात का, हे विचारावं.

रविवार, 1 जून
खालच्या नळीला दगड लागला. रंगाचा टवका उडालाय. घरी येऊन धुतली, पुसली, नाण्याने इंच-इंच ठोकून पाहिली. आतले थर सुटले तर आवाज बद्द येतो. तिथेही आवाज बाकी नळीसारखाच खणखणीत आला. उद्या त्या जागेवर जाड संरक्षक फिल्म लावून घ्यायची.