हत्तीच्या घरातली सोंगटी

आमच्या संग्रहातला सर्वांत जुना बुद्धिबळाचा संच आम्हाला स्वस्तात मिळाला, कारण तो अपुरा होता. जुन्या पनवेलमधला एक वाडा पाडला जात होता. तिथल्या तुळया, कड्याकोयंडे आणि गजांच्या ढिगाबरोबर एका पत्र्याच्या डब्यातून ही मोहरी भंगारवाल्याकडे आली होती. तांबडी सोळा, हिरवी पंधरा. हिरव्यांतला एक हत्ती नव्हता आणि त्याऐवजी सारीपाटाची एक पिवळी सोंगटी डब्यात होती. भंगारवाल्याने ती बाजूला काढून ‘ही यातली नाही’ असे प्रामाणिकपणे सांगितले. पण सोंगटीच्या गळ्याभोवती कोणीतरी हिरव्या रंगाची बारीक रेघ ओढलेली होती. आम्ही ती उचलून पुन्हा डब्यात टाकली.

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्याजवळ आजमितीस अकरा संच आहेत, त्यांतले पूर्ण म्हणावेत असे सहा. संग्राहक हा शब्द स्वतःसाठी वापरताना आम्हाला अजून संकोच वाटतो. जुन्या वस्तूंबद्दलच्या 1972 च्या कायद्यानुसार शंभर वर्षे ओलांडलेली कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरते. त्या कसोटीला आमचा एखादाच संच उतरावा. हस्तिदंताच्या वाटेला आम्ही गेलो नाही. पगार आड येतो हे खरेच, पण आता तो व्यापारच बेकायदा आहे आणि ते योग्यच आहे. बंगालमध्ये मुर्शिदाबादच्या परिसरात कोरले गेलेले ते प्रसिद्ध हस्तिदंती संच आम्ही चित्रांतच पाहिले. एका बाजूला कंपनी सरकारची पलटण, दुसऱ्या बाजूला एतद्देशीय राजा आणि त्याची फौज. ते विकत घेणारे बहुतेक साहेबलोक. तरीही कोणी जिंकायचे हे कारागिराने ठरवून ठेवलेले नव्हते, एवढाच काय तो त्या काळाचा न्याय.

वस्तू पाहायला आम्ही शिकलो ते पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर आमच्या वर्गात एखाद्या तळटिपेपुरते येतात. पण अडकित्ते, दिवे, फण्या, दौती जमवत हिंडलेला हा कवी आपल्या अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या साऱ्या पसाऱ्याला देतो, हे कळल्यावर काचेमागची साधी फणीही वेगळी दिसू लागते. तिथून परतताना आम्ही जुन्या बाजारात डोकावलो आणि तिथे पहिला संच घेतला. तो साधा, बाभळीचा असावा. वजिराचे डोके उडालेले होते.

जुन्या देशी संचांची गंमत अशी की त्यांत बहुधा चेहरे नसतात. कातारी लाकडाचा तुकडा चरकावर धरतो आणि गोल, घुमटाकार आकार उतरवत जातो. वजीर आणि उंट यांच्यात फरक तो उंचीचा आणि गळ्यावरच्या कंगोऱ्यांचा. पुष्कळदा घोड्यालाही तोंड नसते. पटावर काळीपांढरी घरे नसत. कापडावर नुसत्या आडव्याउभ्या रेघा आणि काही घरांत फुल्या. पट म्हणजे वस्त्र, हे अशा वेळी शब्दकोश न उघडता कळते. 1849 मध्ये लंडनमध्ये स्टाँटनच्या नावाचा संच बाजारात आला आणि तोच पुढे जगभरच्या स्पर्धांत रूढ झाला. कोणत्याही देशाच्या खेळाडूला मोहरे चटकन ओळखता यावे, ही त्यामागची सोय. त्या सोयीपुढे गावोगावचे आकार हळूहळू ‘जुने’ झाले. आज त्या 1849 च्या संचाच्या हुबेहूब नकला अमृतसरचे कारागीर कोरतात आणि त्या जगभरचे शौकीन विकत घेतात.

नावे मात्र पालटली नाहीत. स्टाँटनच्या कोपऱ्यात किल्ल्याचा बुरूज उभा असतो आणि आपली मुले त्याला बिनदिक्कत हत्ती म्हणतात. शेजारच्या घोड्यापलीकडे ख्रिस्ती धर्मगुरूची टोपी असते. तो आपला उंट. सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ मराठीच्या विद्यार्थ्याला ठाऊक असतो तो त्यातल्या प्राचीन मराठीच्या खुणांमुळे. त्या बाराव्या शतकातल्या ग्रंथात बुद्धिबळाचेही प्रकरण आहे, हे आम्ही एम.ए.च्या वर्गात सांगतो तेव्हा मागच्या बाकावरचे एखादे डोके वर उठते. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठाने धर्मशास्त्राचा ग्रंथ रचताना राजनीतीच्या भागात हा खेळ घेतला आहे, हे ऐकून मात्र कोणीच उठत नाही.

त्याच वर्गात आम्ही दरवर्षी सोस्यूर शिकवतो. 1916 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून सिद्ध झालेल्या त्या पुस्तकात बुद्धिबळाचा दृष्टान्त आहे. खेळताना घोडा हरवला तर त्याच्या जागी कोणतीही वस्तू ठेवा; तिला घोड्याचे मूल्य दिले की ती घोडा होते. तिचे लाकूड, तिचा आकार गौण; इतर मोहऱ्यांशी असलेले तिचे नाते तेवढे महत्त्वाचे. हा मुद्दा शिकवताना आम्ही ती पिवळी सोंगटी वर्गात नेऊ लागलो. दृष्टान्त असा हातात धरता आला तर शिक्षकाला किती आनंद होतो, हे शिक्षकांनाच सांगायला नको.

सोंगटीवरून आमच्यात थोडा वादही होता. आमच्यातल्या एकाचे म्हणणे, चांगल्या कातारीकडून हरवलेला हत्ती घडवून घ्यावा आणि संच पुरा करावा. या गावाला लाकूडकामाची जुनी सवय आहे. जुन्या गॅझेटियरमध्ये पनवेलचा प्रमुख धंदा म्हणून गाड्यांची चाके बनवण्याचा उल्लेख येतो. दुसऱ्याचे म्हणणे, आता ही सोंगटी म्हणजेच या संचाचा इतिहास. ती काढली तर उरतील ती फक्त एकतीस जुनी लाकडे. लिलावाच्या जगात एकेका मोहऱ्याची कथा काय होते, हे आम्ही वाचले होते. स्कॉटलंडच्या लुइस बेटावर 1831 मध्ये सापडलेल्या मध्ययुगीन मोहऱ्यांतला एक हरवलेला मोहरा 1964 मध्ये एडिंबरोच्या एका व्यापाऱ्याने पाच पौंडांना घेतला होता. 2019 मध्ये तो सात लाख पस्तीस हजार पौंडांना विकला गेला. आमच्या डब्याशी याचा काही संबंध नाही. पण अशा बातम्या वाचल्यावर माणूस आपल्या कपाटाकडे जरा निराळ्या नजरेने पाहतो, हे कबूल केले पाहिजे.

त्या वाड्यातले एक गृहस्थ आम्हाला भेटायला आले, ते एका विद्यार्थ्याकडून या सोंगटीबद्दल ऐकून. वय ऐंशीच्या पुढे. आम्ही डबा पुढे ठेवला. त्यांनी मोहरी चाचपली, आणि सोंगटी चिमटीत धरून म्हणाले, “हा आमचा हत्ती.”

मग त्यांनी पट मांडायला सांगितला. त्यांची प्यादी एकेकच घर चालत. एकदा त्यांच्या राजाने घोड्यासारखी उडी मारली तेव्हा आम्ही दचकलो. देशी डावात शह लागण्याआधी राजाला एकदा ती मुभा असते, हे आम्ही फक्त वाचलेले. आम्ही हरलो. डाव आवरताना ते सांगू लागले. खरा हत्ती त्यांच्या धाकट्या भावाने वडाळे तळ्यात भिरकावला होता. मुलांचा खेळ अडला म्हणून आजीने आपल्या सारीपाटातली एक सोंगटी काढून दिली आणि रेघही तिनेच ओढली. त्यानंतर तिच्या सोंगट्या पंधराच राहिल्या. तिने पट पुन्हा मांडला नाही.

“एवढी एक नेली तर चालेल का, सर?” त्यांनी विचारले.

आम्ही लगेच ‘हो’ म्हणालो नाही. “काका, सगळा संचच न्या ना,” एकाने म्हटले. ते हसले. मुलाच्या फ्लॅटमध्ये त्यांच्या वाट्याला खिडकीजवळचा पलंग आणि एक खण आहे. तेव्हा दुसरा बोलून गेला, “तुम्हाला हवी तर अगदी हुबेहूब अशीच एक सोंगटी करवून देतो.”

ते काही बोलले नाहीत. सोंगटी त्यांनी हिरव्या घोड्याशेजारी, तिच्या घरात, ठेवली, चहा घेतला, जिना उतरताना कठड्याला धरून उतरले. सोस्यूर शिकवणाऱ्या माणसांनी त्यांना मोबदल्यात काय देऊ केले होते, हे आमच्या ध्यानात यायला संध्याकाळ झाली.

सोंगटी आम्ही त्यांना नेऊन दिली, पण आठ दिवसांनी. हे आठ दिवस का लागले याची कारणे आम्ही एकमेकांना सांगितली: परीक्षा, पेपर तपासणी, पाऊस. त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात टाकली आणि आमच्या विद्यापीठाच्या निकालांची चौकशी केली.

कातारीने हत्तीची किंमत सांगून ठेवली आहे. लाकूड जुने हवे की नवे, एवढेच तो विचारतो आहे, आणि आमचे त्यावर अजून एकमत नाही. तोवर शनिवारी कधी डाव मांडलाच, तर हिरव्यांच्या कोपऱ्यात आम्ही खडूचा तुकडा उभा करतो. तो चालताना पटावर रेघ सोडतो.