व्होडका लाटव्हियाची, राग रशियावर

माझं इलेक्ट्रॉनिक्सचं छोटं दुकान आहे. दारूशी संबंध नाही, पण स्टोलिचनायाची गोष्ट मी गिऱ्हाइकांना हमखास सांगतो.

ही धान्यापासून बनणारी व्होडका. १९७२ साली पेप्सीने सोव्हिएत सरकारशी सौदा केला: पेप्सी रशियात, त्या बदल्यात स्टोलिचनाया अमेरिकेत. तेव्हापासून 'रशियन व्होडका' म्हणजे हीच, असं अमेरिकेत लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि तिकडच्या काही बारवाल्यांनी ही व्होडका चक्क मोरीत ओतली. आता गंमत बघा. बाटली भरली जात होती लाटव्हियात. मालक युरी शेफलर याच ब्रँडवरून रशियन सरकारशी वर्षानुवर्षं भांडतोय. कंपनी युक्रेनच्या बाजूने उभी राहिली, तरी मार्चमध्ये नाव बदलून नुसतं 'स्टोली' करावं लागलं.

ओतलेल्या बाटलीचे पैसे कंपनीला कधीच पोचलेले असतात. नुकसान बारवाल्याचं!

२०२० ला गलवाननंतर आपल्याकडे टीव्ही फोडले गेले, तेव्हाही हेच. माझ्या दुकानातला माल मी रोख मोजून आणलेला होता.

बहिष्कार जरूर टाका, तो तुमचा हक्क आहे. फक्त आधी खोका उलटा करून वाचा, आणि मार नक्की कोणाला बसतोय तेही बघा.