बर्फाखालचं तेल आणि आमची ओटी

गणपतीत आमच्या वीरच्या घरी दरवर्षी एक तरी भांडण होतंच. कधी मोदकाच्या पिठावरून, कधी आरत्यांच्या क्रमावरून, एकदा तर विसर्जनाला कोण कोणाची चप्पल घालून गेलं यावरून. यंदाचं भांडण मात्र थेट उत्तर ध्रुवावर पोचलं. हसू नका, खरंच.

झालं असं की मनूला, म्हणजे माझ्या दादाच्या मुलीला, नोकरी आली. तिने पुण्यात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलंय. नोकरी कसली, तर समुद्रात तेलविहिरी खोदणाऱ्या कंपन्यांसाठी पर्यावरणाचे अहवाल तयार करून देणाऱ्या एका कंपनीत. पगार चांगला. आणि ही बाई म्हणते, मी नाही जाणार. दादाने हातातला चहा खाली ठेवला आणि विचारलं, "का?" तेवढंच. पण दादाचं ते "का" आम्ही लहानपणापासून ओळखतो.

दादाने चोवीस वर्षं बॉम्बे हायवर काढली. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. मुंबईपासून दीडशेहून जास्त किलोमीटर आत, चहूकडे पाणी. आमच्या या घराचं कौल जाऊन स्लॅब आला तो त्या पैशातून, माझं लग्न त्यातून, आणि मनूची एम.एस्सी.सुद्धा त्यातूनच. हे दादा कधी बोलून दाखवत नाही. त्या दिवशी बोलला.

मनू म्हणाली, "बाबा, मी तुमच्या कामाला नावं ठेवत नाहीये. पण हे लोक आता आर्क्टिकमध्ये खोदायला निघालेत. त्याचे अहवाल उद्या माझ्याकडे आले तर मी काय लिहू? 'परिणाम मर्यादित' असं?"

"आर्क्टिक आपल्यापासून किती लांब, ठाऊक आहे का?"

"तेवढं काही लांब नाहीये," मनू म्हणाली, आणि तिथून पुढे दोन तास.

मला आर्क्टिक म्हटलं की आमच्या आजोबांच्या कपाटातलं लोकमान्यांचं पुस्तक आठवतं. वेदांचं मूळ स्थान उत्तर ध्रुवाजवळ होतं असं सांगणारं, १९०३ मध्ये आलेलं. वाचलं कोणीच नव्हतं, पण अभिमान सगळ्यांना होता. मनूचं म्हणणं असं की आपला तिथला संबंध आता याहून बराच ताजा आहे. रशियात आर्क्टिक वृत्ताच्या वरच्या अंगाला वांकोर नावाचं तेलक्षेत्र आहे, आणि २०१६ मध्ये त्यातली जवळजवळ निम्मी मालकी आपल्या सरकारी तेल कंपन्यांनी मिळून घेतली. हे मला माहीत नव्हतं. दादाला होतं. तो गप्प बसला.

मग तिने धोके सांगायला सुरुवात केली, आणि ते मला पटत गेले. आपल्याकडे तेल सांडलं तर निदान ऊन असतं, लाटा असतात, पाणी कोमट असतं. तेल उडतं, विरतं, जिवाणू खातात. तिथे थंडीत हे सगळं फार हळू चालतं. वरून बर्फ. तेल बर्फाखाली शिरलं की काढायचं कसं? आणि कित्येक आठवडे सूर्यच उगवत नाही. अलास्काच्या दक्षिणेला १९८९ मध्ये एक्सॉन व्हाल्डेझ जहाज खडकावर चढलं, साधारण सदतीस हजार टन तेल सांडलं. ती जागा तर आर्क्टिकच्या बाहेरची, त्यामानाने सोपी. तरी तिथल्या किनाऱ्यांवर दगडगोट्यांखाली कित्येक वर्षांनीसुद्धा तेल सापडत राहिलं. आणि मे २०२० मध्ये रशियात नोरिल्स्कला डिझेलची टाकी फुटली, एकवीस हजार टन डिझेल, नदी लाल झाली. कायम गोठलेली जमीन विरघळायला लागल्यामुळे पाया खचला, असं कंपनी म्हणाली. म्हणजे बघा, तेल जाळून जमीन वितळवायची आणि त्याच जमिनीवर तेलाच्या टाक्या उभ्या करायच्या.

दादा म्हणाला, "अपघात काय, रस्त्यावरही होतात. म्हणून एस.टी. बंद करतात का?"

आता दादाची बाजूही ऐका, कारण तो अडाणी माणूस नाही. तो म्हणाला, देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त आपण बाहेरून आणतो. आपण नाही काढलं तर दुसरा काढेल, आणि आपल्याला विकेल. आणि आर्क्टिकमध्ये राहणारी माणसं काय म्हणतात ते विचारलंस का? यावर मनूने प्रामाणिकपणे सांगितलं की तिथेही दोन तट आहेत. अलास्कात ते मोठं अभयारण्य आहे ना, तिथे ग्विचिन लोक रेनडिअरच्या कळपावर जगतात, त्यांचा विरोध आहे. पण तिथेच किनाऱ्यावरच्या काक्तोविक गावातल्या पुष्कळ इनुपियाट लोकांना तेल हवंय, कारण शाळा, दवाखाना, नळाचं पाणी त्या पैशातून येतं.

मला लगेच आपलं नाणार आणि बारसू आठवलं. रिफायनरी नको म्हणून रणरणत्या उन्हात सड्यावर बसलेल्या बायका आठवल्या, आणि "पोरं मुंबईला किती दिवस पाठवायची?" असं म्हणणारेही तिथलेच. मार्च २०१९ मध्ये नाणारची अधिसूचना रद्द झाली, एप्रिल २०२३ मध्ये बारसूला मातीपरीक्षणावरून पुन्हा तेच. लांबून निवाडा करणं सोपं असतं. मीही ठाण्यात बसून करतेच.

पण एक हिशोब मनूने केला तो मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाने २००८ मध्ये अंदाज केला की आर्क्टिकमध्ये न सापडलेलं तेल सुमारे नव्वद अब्ज बॅरल असेल. ऐकायला कुबेराचा खजिना. जग आता रोज साधारण दहा कोटी बॅरल तेल वापरतं. भागून बघा. नऊशे दिवस. अडीच वर्षंसुद्धा नाही! आणि तेही सगळं निघालं तर. शेल कंपनीने चुक्ची समुद्रात अब्जावधी डॉलर घालून २०१५ मध्ये हात झटकले. त्या अलास्काच्या अभयारण्यात जानेवारी २०२५ मध्ये सरकारने लिलाव ठेवला तर एकही बोली आली नाही. "बाबा, धंदेवाल्यांनाही परवडत नाहीये," मनू म्हणाली. दादा म्हणाला, "आज नाही परवडत."

त्यावर ती बोलली ते मात्र बोलायला नको होतं. "तुम्हाला २००५ आठवत नाही का, बाबा?"

ओटीवर एकदम शांतता.

तिला स्वतःला काहीच आठवत नाही, दोन वर्षांची होती. मला आठवतं. मी बाळंतपणासाठी माहेरी आले होते. २५ आणि २६ जुलैला पाऊस असा पडला की सावित्रीचं पाणी कुठपर्यंत आलं हे सांगण्याची सोयच उरली नाही. दासगाव आमच्या उशाशी. तिथे डोंगर खाली आला. जुई, रोहन, कोंडिवते, तिथेही. महाड तालुक्यात पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली. वीज नाही, फोन नाही, हायवे बंद, रेल्वे बंद. आणि २७ तारखेच्या रात्री शेजारच्यांच्या ट्रान्झिस्टरवर बातमी, बॉम्बे हायवर आग.

नंतर समजलं ते असं. एका जहाजावर आचाऱ्याच्या बोटांना इजा झाली होती, त्याला प्लॅटफॉर्मवर उतरवायला समुद्र सुरक्षा नावाचं जहाज जवळ गेलं. समुद्र खवळलेला. जहाज आदळलं ते नेमकं तेल-वायू वर आणणाऱ्या पाइपांवर. दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म समुद्रात गेला. ३६२ माणसं वाचली, २२ गेली. एका माणसाच्या बोटांपायी, असं लोक म्हणायचे. दादा म्हणतो, बोटांचा दोष नाही, पाइप असे उघडे बाहेरच्या बाजूला होते त्याचा.

दादा त्या प्लॅटफॉर्मवर नव्हता, दुसऱ्यावर होता. पण हे आम्हाला कुठे माहीत? चार दिवस काही कळलं नाही. वहिनी मनूला मांडीवर घेऊन ओटीवर बसून असायची. आई तिला रडू देईना. म्हणायची, दासगावात माणसं ढिगाऱ्याखालून काढतायत, त्यांच्यापुढे आपण रडायचं नाही, आपला निदान कुठेतरी उभा असेल. पाचव्या दिवशी पनवेलचे मामा माणगावपर्यंत मिळेल त्या वाहनाने आणि पुढे चिखलातून चालत आले. दारात येण्याआधीच, वाटेवरूनच ओरडले, "आहे! आहे!" आई तेव्हा रडली.

तर मनूने ते काढलं. दादा उठून आत गेला.

मी तिला जरा रागावले. ती म्हणाली, "आत्या, मला बाबांना दुखवायचं नव्हतं. मला एवढंच म्हणायचं होतं की तो पाऊस आणि ते तेल वेगळे विषय नाहीत." मग तिने सांगितलं, पुण्याच्या हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. आणि गोव्यात वास्कोला आपलं ध्रुवीय संशोधन केंद्र आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये आर्क्टिकमधल्या कारा समुद्राचा बर्फ कमी होणं आणि आपल्याकडची सप्टेंबरातली अतिवृष्टी यांचा संबंध असू शकतो असं मांडलं. त्याच २०२१ मध्ये, मे महिन्यात तौक्ते वादळात पी-३०५ तराफा बुडाला, सत्तरहून जास्त माणसं गेली. जुलैत आमच्याच तालुक्यात तळिये, ऐंशीहून जास्त. एकच दरड कोणत्या टनामुळे पडली हे कोणी सांगू शकत नाही, हे मनूही कबूल करते. तळियेला डोंगर कसा होता, पाणी कुठे मुरलं, हाही प्रश्न आहेच. पण "तेवढं काही लांब नाहीये" याचा अर्थ मला तेव्हा कळला.

मग पर्याय काय? हा प्रश्न आमच्या घराच्या छपरावरच आहे. दीड वर्षापूर्वी दादानेच, हो दादानेच, तीन किलोवॉटचे सोलर पॅनल बसवले. अठ्ठ्याहत्तर हजार सबसिडी मिळाली. एप्रिल-मेमध्ये दिवसाला बारा-तेरा युनिट वीज. बिल जवळजवळ नाहीच. दादा येणाऱ्याजाणाऱ्याला मीटर दाखवायचा. आणि जुलैत? तीन युनिट, कधी दोन. त्यात लाइट गेली की पॅनलही बंद, कारण बाहेर तारेवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. बॅटरी घेतली असती तर चाललं असतं, पण तिचा खर्च ऐकून दादाने पॅनलवरच भागवलं. निसर्ग वादळात कित्येक दिवस अंधारात काढलेत आम्ही. तेव्हा कळलं की घरात रॉकेलचा थेंब नाही आणि रेशनवरही मिळत नाही. जुना कंदील होता, वात होती, तेल नव्हतं. शेवटी समईत गोडेतेल घालून भागवलं.

म्हणजे सोलर फसवं आहे का? मला नाही तसं वाटत. वर्षातले आठ महिने ते चोख काम करतं. पण कोकणात पावसाळ्याची सोय त्याच्याबरोबर दुसऱ्या कशाने तरी करावी लागणार, आणि ते कोणी नीट सांगत नाही. जैतापूरला ९९०० मेगावॉटचा अणुप्रकल्प वर्षानुवर्षं कागदावर आहे, त्यावरही भांडण. जवळच्या भिऱ्याला टाटांचं वीजघर १९२७ पासून पाण्यावर चालतं, आणि ते किती स्वच्छ म्हणून सांगताना मुळशीची बुडालेली गावं आणि सेनापती बापट कोणी आठवत नाही. फुकट काहीच नाही. तरी मला विचाराल तर, बुडालेल्या गावाचा हिशोब निदान मांडता येतो, माणसं उभी राहून भांडतात. बर्फाखाली गेलेल्या तेलाचा हिशोब कोणाकडे मागायचा? म्हणून आर्क्टिकचं तेल आहे तिथेच राहू द्यावं, हे माझं मत. बॉम्बे हाय उद्या बंद करा असं मात्र माझ्याने म्हणवत नाही. यात ढोंग आहे, मान्य. त्या स्लॅबखाली बसूनच हे लिहितेय.

दादा आणि मनू तीन दिवस एकमेकांशी कामापुरतं बोलले. "मीठ दे." "आरती सुरू करा." गौरी गेल्या, गणपती गेले. मनूने कंपनीला नाही कळवलं. दादाला तिने स्वतः सांगितलं, मागच्या पडवीत, काय बोलणं झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही. वहिनी म्हणते, तो फक्त "दुसरं काय बघितलंयस?" एवढंच म्हणाला.

तिला सोडायला आम्ही तिघं वीर स्टेशनवर गेलो. १९९३ मध्ये कोकण रेल्वे पहिल्यांदा इथपर्यंत आली तेव्हा आख्खं गाव बघायला लोटलं होतं. पुढे रूळच नव्हते, वीर म्हणजे शेवट. डिझेलचा तो काळा धूर आम्हाला प्रगतीचा वाटायचा. आता डबल लाइन झाली, २०२२ पासून सगळा मार्ग विजेवर. विजेचं इंजिन लावलेली एक गाडी न थांबता निघून गेली आणि दादा तिच्याकडे बोट दाखवून मनूला म्हणाला, "बघ. धूर नाही."

"धूर चंद्रपूरला निघतो, बाबा."

"कळतं मला," दादा म्हणाला, आणि तिची बॅग आपल्या खांद्याला लावली. मनूची गाडी चाळीस मिनिटं लेट होती. आम्ही बाकावर बसून वहिनीने बांधून दिलेले तळणीचे मोदक खाल्ले.